छातीत जळजळ नाही, तरी घशात आम्ल?

घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते. गिळले तर खाली जात नाही, खाकरले तर बाहेर पडत नाही. सकाळी आवाज बसलेला असतो, बोलण्याआधी दोन-तीनदा घसा साफ करावा लागतो आणि कोरडा खोकला महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही. टॉन्सिल ठीक असतात, तापही नसतो. प्रतिजैविकांचा कोर्स होतो, मिठाच्या गुळण्या होतात, हळद-दूध होते, पण गुण येत नाही. शिक्षक, बसवाहक, भाजीविक्रेते, कीर्तनकार अशा आवाजावर पोट असणाऱ्यांना हा त्रास विशेष जाणवतो. यांपैकी काहींना डॉक्टर सांगतात, ‘‘तुमचे आम्ल घशापर्यंत चढते आहे.’’ रुग्ण गोंधळतो. छातीत जळजळ नाही, आंबट ढेकर नाही, मग आम्ल आले कुठून?

याला डॉक्टरी भाषेत ‘सायलेंट रिफ्लक्स’ म्हणतात. आपण त्याला छुपे आम्लपित्त म्हणू. अमेरिकेतील घसातज्ज्ञ डॉ. जेमी कॉफमन यांनी १९९१ साली या विषयावर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून घशाच्या जुनाट तक्रारींकडे या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. आता मात्र गाडे दुसऱ्या टोकाला गेले आहे. घसा खवखवला की आम्ल कमी करणारी गोळी, असा सपाटा सुरू आहे. ही गोळी नेमके काय करते आणि काय करत नाही, हे समजून घेतले तर बरेच पैसे आणि बरेच महिने वाचतील.

आधी ‘पित्त’ या शब्दाविषयी. आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, अर्धे डोके दुखले तरी पित्त आणि छातीत जळजळले तरी पित्तच. शरीरशास्त्राप्रमाणे पित्त हा यकृतात तयार होणारा रस होय. आपण बोलतो आहोत ते जठरातील आम्लाबद्दल.

दोन झडपा

तोंडातून जठराकडे जाणारी अन्ननलिका सुमारे २५ सें.मी. लांब असते. तिच्या खालच्या टोकाला एक स्नायूंची झडप असते आणि वरच्या टोकाला, स्वरयंत्राच्या मागे, दुसरी. खालची झडप सैल पडली की जठरातील आंबट रस वर येतो. असे थोडेफार धडधाकट माणसातही रोज होते. अन्ननलिका तो रस परत खाली ढकलते, लाळ त्याचा आंबटपणा मारते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण वरची झडपही उघडली तर रसाचे शिंतोडे स्वरयंत्रावर उडतात. स्वरयंत्राचे अस्तर फार नाजूक. अन्ननलिकेला जे सहज सोसते, ते त्याला सोसत नाही. म्हणून छातीत काहीही न जाणवता घसा मात्र सुजतो.

या रसात केवळ आम्ल नसते. पेप्सिन नावाचे, मांस-डाळींतील प्रथिने पचवणारे द्रव्यही असते. ते एकदा घशाच्या अस्तराला चिकटले की आम्ल नसताना स्वस्थ पडून राहते आणि पुन्हा आंबट काही मिळाले की जागे होते. ते आंबट वरूनही येऊ शकते, म्हणजे लिंबू सरबत, शीतपेय, चिंचेचे सार यांतून.

गोळी काय करते?

ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही सगळी एकाच घराण्यातील भावंडे. यांपैकी ओमेप्राझोल प्रथम १९८८ मध्ये बाजारात आले. जठराच्या अस्तरातील पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे अतिसूक्ष्म पंप असतात. ही औषधे ते पंप बंद पाडतात. जठरातील व्रणासाठी आणि अन्ननलिकेच्या जखमांसाठी ती खरोखर वरदान ठरली आहेत. यात वाद नाही.

परंतु गोळी घेण्याची रीत बहुतेकांची चुकते. ही गोळी जठरात काम करत नाही. ती आतड्यात विरघळते, रक्तातून पंपांपर्यंत पोहोचते आणि त्या वेळी चालू असलेले पंपच बंद करू शकते. पंप चालू होतात जेवणाच्या वेळी. म्हणून गोळी उपाशीपोटी, न्याहारी किंवा जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. जेवणानंतर जळजळ झाली म्हणून घेतलेली गोळी जवळजवळ वाया जाते. तिचा पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे ‘आज घेतली, उद्या नाही’ अशा पद्धतीत अर्थ नाही. गोळीवरचे वेष्टन तिला जठरातील आम्लापासून वाचवण्यासाठीच असते, तेव्हा ती चावू किंवा कुटू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. ही गोळी आम्ल कमी करते, रसाचे वर येणे थांबवत नाही. झडप जशी होती तशीच सैल राहते. रस कमी आंबट होतो इतकेच. पेप्सिन वर येतच राहते. छातीच्या जळजळीत आंबटपणा कमी होणे पुरेसे असते, घशाच्या बाबतीत ते नेहमी पुरत नाही.

ब्रिटनमधील ८ केंद्रांत ३४६ रुग्णांवर याची रीतसर परीक्षा झाली. घशाच्या जुनाट तक्रारी असलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना लॅन्सोप्राझोल ३० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली गेली. तक्रारी मोजण्यासाठी ४५ गुणांची प्रश्नावली होती. सुरुवातीला दोन्ही गटांचे गुण २२ च्या आसपास होते. १६ आठवड्यांनंतर औषधाच्या गटाचे १७.४ झाले, तर खोट्या गोळीच्या गटाचे १५.६. म्हणजे दोघांनाही बरे वाटले, पण औषधाने खोट्या गोळीपेक्षा जास्त काही साधले नाही. हा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्याचा एक अर्थ असाही की घशाची तक्रार असलेल्या कितीतरी लोकांना मुळात आम्लाचा त्रास नसतोच.

अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सल्ला दिला, तो याच धर्तीचा. घशाबरोबर छातीतही जळजळ असेल तर गोळी दिवसातून दोनदा, ८ ते १२ आठवडे देऊन पाहावी. जळजळ मुळीच नसेल तर आधी तपासणी करावी. या तपासणीत नाकातून बारीक नळी घालून २४ तास आम्लाची नोंद घेतात. ती मोठ्या शहरांतच होते आणि खर्चिकही असते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने काय करावे? प्रस्तुत लेखकाच्या मते, निदान कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावे, खाली दिलेले बदल मनावर घ्यावेत आणि डॉक्टरांनी गोळी दिलीच तर ‘ही कधी थांबवायची?’ हे त्याच दिवशी विचारून ठेवावे.

विटा, वेळ आणि तंबाखू

रस वर येणे कमी करायचे तर गुरुत्वाकर्षणाची मदत घ्यावी. रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर हवे. दुकान बंद करून साडेदहाला जेवून अकराला आडवे होणाऱ्याला हे जड जाते, पण मग सातच्या सुमारास दुकानातच डबा खावा आणि घरी आल्यावर फार तर थोडे दूध घ्यावे. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून तो सहा ते आठ इंच उंच करावा. दोन-तीन उशा घेऊन हे साधत नाही. त्याने मान वाकते आणि पोट उलट दाबले जाते. जमिनीवर झोपणाऱ्यांनी गादीखाली कमरेपासून वर घोंगडीच्या घड्या घालून उतार करावा. डाव्या कुशीवर झोपणे फायद्याचे.

तंबाखूने झडप सैल होते आणि दारूनेही. पोटाचा घेर वाढला की जठरावर दाब येतो. घट्ट पट्टा, आवळलेली परकराची नाडी हेही तेच करतात. तळलेले, तर्रीदार पदार्थ आणि उपाशीपोटी चहाचे कपावर कप ज्यांना बाधतात त्यांनी ते सोडून पाहावेत. सगळ्यांनीच सगळे सोडायचे कारण नाही.

समुद्री शेवाळापासून केलेले अल्जिनेटचे पातळ औषध जेवणानंतर आणि झोपताना घेतात. ते जठरातील अन्नावर सायीसारखे तरंगते आणि रस वर येऊ देत नाही. त्याचा सगळ्यांना गुण येतोच असे नाही, परंतु विचार योग्य दिशेचा आहे. त्यात सोडियम असते, म्हणून रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आधी विचारावे.

वर्षानुवर्षे गोळी

जुन्या पिढीतील रॅनिटिडिनमध्ये कर्करोगकारक मानला जाणारा घटक आढळल्याने अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावले आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ मध्ये वगळले गेले. पॅन्टोप्राझोलच्या घराण्यावर असा ठपका नाही. तथापि वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. शुद्ध शाकाहारी मंडळींत ते आधीच कमी असते. मॅग्नेशियमही घटू शकते, आणि क्वचित मूत्रपिंडाला सूज येते. हृदयरोगासाठी क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी ओमेप्राझोल टाळावे, कारण त्याने त्या औषधाचा जोर कमी होतो.

गोळी एकदम सोडली की काहींना पूर्वी नव्हती एवढी जळजळ होते. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग झाला, त्याचा अहवाल २००९ चा आहे. त्यात आठ आठवडे इसोमेप्राझोल घेऊन थांबवलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना आम्लाचा त्रास झाला, तर खोटी गोळी घेतलेल्यांपैकी १५ टक्क्यांना. याचा अर्थ रोग परतला असा नव्हे. दबलेले आम्ल काही आठवडे उसळी मारते. म्हणून गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. संधिवातासाठी रोज वेदनाशामके घेणारे, पूर्वी पोटात व्रण होऊन रक्तस्राव झालेले, अन्ननलिकेला जखमा असलेले यांनी मात्र हा लेख वाचून आपली गोळी परस्पर बंद करू नये.

हे आम्ल नसेल तर?

आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल आणि तंबाखू, गुटखा, विडी वा मिशरीची सवय असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी स्वरयंत्र पाहून घ्या. घास अडकणे, वजन उतरणे, थुंकीत रक्त, एकाच कानात दुखणे, मानेत गाठ यांपैकी काहीही असेल तर तसेच. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर कळला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. ‘पित्तच आहे’ म्हणून सहा महिने काढले तर ती संधी हातची जाते. चालताना छातीत दाटून घाम फुटत असेल तर सोडा पिऊन पाहू नका, हृदयाचा आलेख काढा.

दोन आठवड्यांवर टिकलेल्या खोकल्यासाठी सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. क्षयरोग नाही हे कळणेही महत्त्वाचे. आणि रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. या औषधांनी काही लोकांना कोरडा खोकला लागतो. डॉक्टर गोळी बदलून देतात आणि बहुधा काही आठवड्यांत तो खोकला थांबतो.