काळा म्हणजे अगदी काळा!

शुक्रवारची रात्र. दिवे घालवलेले, मांडीवर पॉपकॉर्न. सिनेमातला हीरो अंधाऱ्या गल्लीत शिरतो आणि तुमच्या टीव्हीवरचा अंधार चक्क राखाडी दिसतो! मूड ऑफ. मग शोरूममधला तो ओएलईडी आठवतो आणि मन ईएमआयचं गणित मांडायला लागतं. थांबा, आधी काचेमागे काय चालतं ते बघू.

एलसीडी टीव्हीत पडद्यामागे दिवे लावलेले असतात. पुढचे लिक्विड क्रिस्टल तो प्रकाश अडवतात किंवा सोडतात. थोडा प्रकाश झिरपतोच, म्हणून काळ्याचा राखाडी होतो. ओएलईडीत मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळा हवा? ठिपका बंद. विषय संपला!

हा ठिपका म्हणजे सेंद्रिय रसायनांच्या अतिपातळ थरांचं सँडविच. एका बाजूनं इलेक्ट्रॉन येतात, दुसरीकडून ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. मध्ये दोघांची गाठ पडते आणि सुटलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते. बल्बसारखी तार तापवायची भानगड नाही. यालाच म्हणतात इलेक्ट्रोल्युमिनेसन्स. १९९२ साली आलेल्या टाइमेक्सच्या ‘इंडिग्लो’ घड्याळाची निळसर डायलही विजेवर अशीच थंडपणे उजळायची, फक्त तिथला पदार्थ वेगळा. सेंद्रिय थरांचा, १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर चालणारा दिवा कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडला.

मग गोम कुठे आहे? जो ठिपका जास्त जळतो, तो लवकर थकतो. त्यातही निळा सगळ्यात आधी. बाबा दिवसभर एकच न्यूज चॅनल लावत असतील, तर त्याच्या लोगोखालचे ठिपके इतरांपेक्षा जास्त झिजतात आणि पुढे सिनेमातही त्या लोगोचं भूत दिसत राहतं. हाच तो ‘बर्न-इन’.

म्हणून खरेदीआधी घरातल्या सवयी बघा. रात्रीचे सिनेमे आणि वेब सिरीज असतील तर बिनधास्त घ्या. दिवसभर बातम्या असतील तर चांगला एलसीडीच बरा. घेतलाच, तर ब्राइटनेस बेतानं ठेवा. आणि आई झोपताना मेन स्विच बंद करत असेल, तर तिला प्रेमानं समजवा: बरेच ओएलईडी टीव्ही स्टँडबायमध्येच ठिपक्यांची डागडुजी करतात.

थकलेल्याला रात्रीची विश्रांती लागतेच. तुम्हाला काय, टीव्हीला काय!