बिडाचा शंख

पुणे–मिरज लोहमार्गावरून दक्षिणेकडे येताना स्टेशनांची नावं नीट वाचत गेलं, तर खिडकीबाहेरून कारखानदारीचा एक इतिहासच सरकत जातो. सातारा रोडला कूपरांची फाउंड्री. कराड स्टेशनाला लागून ओगलेवाडी, जिथल्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात कित्येक घरांतल्या मुलांनी अभ्यास केला. मग शेणोली, भवानीनगर, ताकारी आणि दुतर्फा ऊस. त्यानंतर येते किर्लोस्करवाडी. या भागातले लोक नुसतं ‘वाडी’ म्हणतात.

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातलं हे गाव. पूर्वी स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं, आजूबाजूला निवडुंग, खडक आणि साप. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना होता, पण नगरपालिकेला तिथे नवी वस्ती उभारायची होती, म्हणून त्यांना जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातली ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपये बिनव्याजी दिले. १० मार्च १९१० रोजी वाडीचा आरंभ झाला. पुढे लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी आत्मचरित्राला ‘कॅक्टस अँड रोझेस’ असं नाव दिलं, त्यातला कॅक्टस हा इथला. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी याच वसाहतीत रखवालदार नेमलं होतं. नांगर, छापखाना, ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ मासिकं, कामगारांची आखीव घरं यांवर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. मला सांगायचं आहे ते वाडीच्या पोटातल्या भट्टीबद्दल, कारण बाकी सगळं तिच्या आधारानं उभं राहिलं.

लोखंडी नांगरानं जमिनीत विष भिनतं, अशी समजूत होती तेव्हाची गोष्ट. नांगर लोकांच्या गळी उतरवायचा, तर आधी तो चांगला ओतता यायला हवा. ओतीव लोखंडाला आपल्याकडे बीड म्हणतात. भाकरीच्या तव्यापासून रहाटाच्या चाकापर्यंत बीड घराघरात होतं, तरी कारखान्यात एकसारखं, न तडकणारं बीड ओतणं ही वेगळी विद्या. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची आयात आटली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या निकामी तोफा वितळवायला दिल्याची आठवण सांगतात. त्या तोफांचे नांगर झाले. १९२६ च्या सुमारास इथे सेंट्रिफ्युगल पंप होऊ लागले आणि ओतकामाचा खरा कस लागला.

कारण नांगर ही भरीव वस्तू आणि पंपाचं केसिंग पोकळ. तेही वाकडंतिकडं पोकळ. मधला पंखा, म्हणजे इम्पेलर, पाणी बाहेर फेकतो. त्याच्याभोवतीचं केसिंग सुरुवातीला अरुंद असतं आणि वळसा घेत घेत रुंद होत जातं, अगदी शंखासारखं. त्या रुंदावण्यात पाण्याचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो. शंखाचा वळसा जरा जरी चुकला, तरी पंप वीज खातो, थरथरतो आणि बेअरिंग लवकर मागतो.

ही विद्या जवळून पाहायला पलूसच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा फाउंड्रीत मी सकाळपासून बसलो होतो. पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा लाकडी नमुना, करणारे मेस्त्री साठीच्या पुढचे. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कानावर पेन्सिल. समोर लाकडाचा अर्धा शंख. त्यांनी माझ्या हातात एक पोलादी पट्टी ठेवली आणि शेजारी शाळेतल्यासारखी साधी पट्टी. दोन्हीवर शंभर सेंटिमीटरच्या खुणा, पण पहिली पट्टी एक सेंटिमीटरनं लांब.

“चुकलीय म्हणशीला,” मेस्त्री म्हणाले, “पण बरोबर हीच हाय. बीड गार झालं की आकसतंय. मीटरला धा मिली. म्हून आपलं माप आधीच मोठं.”

पोलादासाठी निराळी पट्टी, मीटरला सुमारे २० मिलिमीटर वाढीव. म्हणजे एकच केसिंग बिडात हवं की पोलादात, हे ठरल्याशिवाय लाकडाला हात लावता येत नाही. लेथवर जिथे कापायचं तिथे दोन-चार मिलिमीटर जास्त ठेवायचे. बाजूंना हलकी तिरकस उतरण द्यायची, नाहीतर पॅटर्न वाळूतून उचलताना साच्याची कड ढासळते. हे सगळं ड्रॉइंगवर नसतं. ड्रॉइंगवर तयार वस्तू असते, मेस्त्रींना मात्र न झालेली, तापलेली, अजून आकसायची असलेली वस्तू दिसावी लागते.

पलीकडे दोन पोरं कोअर भरत होती. सोडियम सिलिकेट मिसळलेली वाळू पेटीत ठासायची, त्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, की थोड्याच वेळात वाळूचा दगड होतो. पेटी उघडल्यावर जे बाहेर आलं ते पाहून मी थोडा वेळ गप्पच राहिलो. पाणी केसिंगमधून जाताना त्याचा जो आकार होईल, तोच वाळूचा करून समोर ठेवला होता. गोल, वळत गेलेला, शेवटी पाइपाच्या तोंडाशी सरळ झालेला. साच्यात हा कोअर बसतो, त्याच्या भोवतीनं बीड ओततात, आणि बीड थिजल्यावर कोअर ठोकून ठोकून बाहेर काढतात. दर कास्टिंगला नवा कोअर.

“आधी पाणी कुठनं जाणार ते बघायचं,” मेस्त्री म्हणाले, “लोखंड काय, मागनं येतंय.”

दुपारी हीट, म्हणजे भट्टीतला वितळलेला रस, तयार झाली. १,३५० अंशांच्या पुढचा रस लाडलमधून साच्यात पडताना आवाज फार होत नाही, एक जड फुरफुर तेवढी ऐकू येते. वायू जायला तारेनं पाडलेल्या भोकांतून निळ्या ज्योती निघाल्या. ओतताना हात थांबता कामा नये. थांबला, तर आधीचा थर थिजतो आणि पुढचा त्याला चिकटत नाही. वर रायझरचे खांब ठेवलेले असतात, केसिंगचा जाड भाग थिजताना आत ओढून घ्यायला लागणारा रस तिथून मिळतो. मोठं कास्टिंग एखाद-दोन दिवस वाळूतच निवत ठेवतात. घाई केली तर तडा जातो.

माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवरच्या पंपाच्या केसिंगला घाम फुटायचा. बाहेरून डोळ्यांना भोक दिसत नसे, तरी पंप सुरू झाला की पाण्याचे बारीक मणी उमटत. आजोबा त्यावर एम-सील थापायचे. ओतताना वायू आत अडकून राहिलेली जागा होती ती, हे मला इतक्या वर्षांनी या फाउंड्रीत उमजलं. शेतावर असा घाम चालून जातो. वीजकेंद्रात चालत नाही.

५०० मेगावॉटच्या एका संचाचा कंडेन्सर थंड ठेवायला तासाला सुमारे ६० हजार घनमीटर, म्हणजे सहा कोटी लिटर पाणी फिरवावं लागतं. ते पंप थांबले तर संच थांबतो. अशा पंपाचं केसिंग कॅटलॉगातून उचलून आणता येत नाही. पाणी नदीचं आहे की समुद्राचं, वाळू किती येते, जागा किती, यावर त्याचा आकार आणि धातू ठरतो. समुद्राच्या पाण्याला साधं बीड टिकत नाही, तिथे निकेल मिसळलेलं बीड किंवा डुप्लेक्स पोलाद घ्यावं लागतं. प्रत्येक केसिंग तयार झाल्यावर तोंडं बंद करून, कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट दाबानं पाणी भरून तपासतात. वाफेच्या व्हॉल्व्हची परीक्षा त्याहून कडक. चौरस सेंटिमीटरला सुमारे १७० किलो दाबाची आणि ५४० अंशांची वाफ ज्याला अडवायची, त्याच्या अंगात क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद असतं आणि त्याच्या भिंतींचा एक्स-रे काढलेला असतो. किर्लोस्करांचे व्हॉल्व्ह वाडीत नाही, शिरूर तालुक्यातल्या कोंढापुरीत होतात. वाडीत पंपच.

पंप फारच मोठा झाला तर केसिंग धातूचं ओतणंच परवडत नाही, आणि ओतलं तरी रस्त्यानं नेणार कसं? मग शंखाचा साचा थेट पंपगृहातच बांधतात आणि त्यात काँक्रीट ओततात. गुजरातेत सरदार सरोवराच्या सौराष्ट्र शाखा कालव्यावर किर्लोस्करांचे असे पंप बसले आहेत. पण आत पाण्याची वाट तीच आणि आधी पाणी कुठून जाणार ते बघायचं, हेही तेच.

मेस्त्रींच्या हाताखाली आज एकच शिकाऊ आहे. संगणकावर पॅटर्नचं चित्र निघतं, यंत्र लाकूड कोरून देतं, आणि हे चांगलंच झालं, वळसे अचूक येतात. पण एकाच नगाचं काम आलं, जुन्या केंद्रातल्या चाळीस वर्षांच्या पंपाचं केसिंग फुटलं आणि ड्रॉइंगही सापडत नाही, की मालक मेस्त्रींनाच हाक मारतात. फुटके तुकडे जुळवून, कॅलिपर लावून, झिजेचा अंदाज बांधून मूळ आकार शोधायचा असतो. हा अंदाज वाळूत वर्षानुवर्षं हात घातल्याशिवाय येत नाही. पलूस, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्यांत असे हात आहेत. पगार मात्र त्या कसबाच्या मानानं फार कमी, आणि मुलं शिकायला येत नाहीत त्याचं कारण तेच आहे.

निघताना मेस्त्रींनी पॅटर्नची खोली दाखवली. पत्र्याच्या छपराखाली, कमरेइतक्या, छातीइतक्या लाकडी शंखांच्या रांगा. प्रत्येकावर रंगानं नंबर. काहींची ऑर्डर देणाऱ्या गिरण्याही आता उरलेल्या नाहीत. तरी एकही जाळायला काढलेला नाही. एका शंखाच्या कडेला उंदरानं कुरतडलं होतं. मेस्त्रींनी पट्टी घेतली, ती लांबवाली, तुटलेल्या कडेवर धरली आणि शिकाऊ पोराला म्हणाले, “पुट्टी आण जरा.”