शून्यावर न येणारी वीज

घरातली 4 स्क्वेअर एमएमची वायर आणि गच्चीवरच्या सोलरची त्याच मापाची डीसी केबल, दोन्ही सोलून बघा. आत साधारण सारख्याच 56 तारा, प्रत्येक 0.3 मिलिमीटर जाडीची. सोलरच्या तारांवर कथलाचा मुलामा, म्हणून त्या चंदेरी दिसतात, घरातल्या तांबूस. तांबं तेवढंच. मग सोलर केबलचे जास्त पैसे कशाचे?

फरक सुरू होतो शून्यापासून. घरातली एसी वीज सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते. 25 वर्षांत हे घडतं सुमारे 7,889 कोटी वेळा. पॅनेलची डीसी वीज सूर्य आहे तोवर शून्यावर येतच नाही, रात्री येते. 25 वर्षांच्या रात्री भरतात 9,131.

हे आकडे वायरमनच्या जिवावर बेतू शकतात. घरात स्विच बंद करताना ठिणगी उडते, पण सेकंदाचा शंभरावा भाग होण्याआधीच वीज शून्यावर येते आणि ठिणगीचा दम तुटतो. डीसीला अशी उसंत नाही. त्यात पॅनेलं एकापुढे एक जोडलेली: मोकळ्या टोकांवर 49 व्होल्ट देणारी 20 पॅनेलं म्हणजे 980 व्होल्ट, घरातल्या 230 च्या चौपटीहून जास्त. भर उन्हात चालू लाइनवरचा एमसी-फोर कनेक्टर ओढून काढला, तर हजारो अंशांची ज्योत पेटून राहू शकते. तांबं 1,085 अंशांनाच वितळतं. आणि मेन स्विच पाडला तरी पॅनेलपासून तिथवरची केबल दिवसा जिवंतच.

आवरण फाटलं तर अशीच ज्योत पेटू शकते, म्हणून जास्तीचा खर्च मुख्यतः आवरणावर. घरच्या साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा 70 अंश. सोलरच्या युरोपीय मानकात, ईएन 50618 मध्ये, 90 अंश कायमचे, शिवाय 120 अंशांवर 20,000 तास, म्हणजे जवळजवळ सव्वादोन वर्षं. खाली उणे 40 पर्यंत. दोन पदरी आवरण, त्यातल्या रेणूंच्या साखळ्या बहुधा इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने एकमेकींत गुंतवलेल्या, म्हणून ते तापलं तरी वितळून ओघळत नाही. वर अतिनील किरणांची परीक्षा वेगळी. पीव्हीसी बिचारं भिंतीआड राहायलाच बनलेलं.

आता अशी केबल लागते तरी किती? राजस्थानात फलोदीजवळचं भडला सोलर पार्क घ्या: 2,245 मेगावॅट. 330 वॅटचं एक पॅनेल धरलं तर 68 लाख पॅनेलं. प्रत्येकाच्या पाठीला दोन शेपट्या, एकेक मीटरभर धरली, तरी 13,600 किलोमीटर केबल. पृथ्वीचा व्यास 12,742 किलोमीटर! यात इन्व्हर्टरपर्यंतच्या केबली धरलेल्याच नाहीत.

पण मला यापेक्षा तारेच्या आतला हिशेब जास्त आवडतो. 10 अँपिअरला सेकंदात 6 वर 19 शून्यं इतके इलेक्ट्रॉन एका जागेवरून सरकतात. एरवी त्यांची दिशाहीन धावपळ सेकंदाला दीड हजार किलोमीटरची. पण पुढे सरकतात ते तासाला जेमतेम 66 सेंटिमीटर. घरच्या वायरीत तर तेही नाही: मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट अंतरात सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे. सोलरचा इलेक्ट्रॉन मात्र एकाच दिशेने चालतो. रोज पाच तास पूर्ण ऊन धरलं, तर 25 वर्षांत त्याची वाटचाल 30 किलोमीटर. मुंबईच्या बोरीबंदरहून निघाला असता, तर अजून ठाण्याच्या अलीकडेच असता.