ब्लॉक नेमका कोणता?
बोटीतल्या शेव्हरोलेट बिग-ब्लॉक इंजिनाची पिढी रंगावरून किंवा वरच्या झाकणांवरून ठरवू नका; ती सहज बदलली जातात. आधी मागची बाजू पाहा. १९६५ मध्ये आलेल्या मार्क-४ ब्लॉकमध्ये क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं असतं. १९९१ च्या जनरेशन-५ पासून ते अखंड, एकाच रिंगचं झालं. सुटे भाग मागवताना घोळ होतो तो इथेच. यांत्रिक फ्युएल पंपाची जागा मार्क-४ वर असते, जनरेशन-५ वर नसते. बेलहाउसिंगच्या कडेजवळचा, ओतकामातच उमटलेला कास्टिंग नंबर मात्र गंज खरवडून वाचाच. कारण ४५४ आणि ५०२ घन इंचांची इंजिनं बाहेरून जुळी भावंडं: स्ट्रोक दोन्हींचा ४ इंच, पण बोअर ४.२५ आणि ४.४६६ इंच. एकाचा पिस्टन दुसऱ्याला चालत नाही.