हायब्रिडला थंडी वाजते... आणि सोलापुरात ऊनही लागतं!

जाहिरातीतला ॲव्हरेजचा आकडा बघून हायब्रिड घेतली आणि डिसेंबर उजाडताच तो आकडा धाडकन खाली आला? टेन्शन नॉट. गाडी बिघडलेली नाही, तिला फक्त झोप मिळत नाहीये. ही झोपेची भानगड नेमकी काय आहे, ते नवी गाडी बुक करण्याआधी समजून घेतलेलं बरं!

‘ॲव्हरेज किती देते?’

गाडी कोणाचीही असो, कितीचीही असो, आपल्याकडे पहिला प्रश्न हाच. रंग, सनरूफ, टचस्क्रीन वगैरे सगळं नंतर. हायब्रिडने तर या प्रश्नाला भलतंच ग्लॅमर आणलं. २०२२ मध्ये टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा आली. त्यांच्या स्ट्राँग हायब्रिड मॉडेलचा जाहीर आकडा होता लिटरला २७.९७ किलोमीटर! होंडाची हायब्रिड सिटीही त्याच वर्षी २६.५ चा आकडा घेऊन हजर झाली. नोकरी हिंजवडीत, घर सोलापुरात आणि शुक्रवारची रात्र हायवेवर, अशा आमच्यासारख्या पब्लिकने ताबडतोब एक्सेल शीट उघडली. पुणे-सोलापूर साधारण अडीचशे किलोमीटर, भागिले २७.९७... वा! म्हणजे नऊ लिटरमध्ये घर!

पण एक्सेल शीटमध्ये हवामानाचा कॉलम नसतो. आणि खरी गंमत तिथेच आहे.

थंडीत आकडा का घसरतो?

आमच्या घरी हायब्रिड आली तेव्हा ठरलं, की गाडी सोलापुरात अण्णांकडे राहील आणि वीकेंडला मी वापरेन. हायवेवर मला २१-२२ चा आकडा दिसायचा. डिसेंबरमध्ये अण्णांचा फोन, ‘अरे, चौदा दाखवतेय! पंपवाल्याने काहीतरी घोळ केलाय बघ.’ पंपवाला बिचारा निर्दोष होता. सात रस्त्याजवळच्या घरापासून सिद्धेश्वर मंदिर जेमतेम दोनेक किलोमीटर. भल्या पहाटे, पारा १५ च्या आसपास असताना अण्णा दर्शनाला निघतात, तासाभराने भाजी घेऊन परत. गाडी गरम व्हायच्या आत प्रवास संपलेला!

आता यातला फंडा समजून घेऊ. हायब्रिड पेट्रोल वाचवते ती काही जादूने नाही. ती संधी मिळेल तेव्हा इंजिन बंद करते आणि बॅटरीवर चालते. सिग्नलला इंजिन बंद, ट्रॅफिकमध्ये रांगताना बंद, उतारावर बंद. ब्रेक मारला की वाया जाणारी ताकद बॅटरीत जमा. थोडक्यात, इंजिन जितकं जास्त झोपेल तितकी तुमची बचत जास्त.

थंडीत नेमकी ही झोपच उडते. गार इंजिन स्टार्ट झालं की ते ठरावीक तापमानाला येईपर्यंत गाडी त्याला सहसा बंद होऊ देत नाही. कारण सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू साफ करणारा भाग, अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट कामच करत नाही. शिवाय गार ऑइल घट्ट असतं, ते ढवळायलाही ताकद लागते. दोन किलोमीटरचा प्रवास असेल तर जवळजवळ सगळं पेट्रोल या ‘वॉर्म-अप’मध्येच जातं.

त्यात बॅटरीचं वेगळंच. थंडीत तिच्या आतली रासायनिक प्रक्रिया मंदावते. ती पटकन चार्ज घेत नाही, पटकन देतही नाही. म्हणजे ब्रेकमधून मिळणारी फुकटची वीजही कमी. टायरचंही ऐका. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआय कमी होते. सोलापुरात डिसेंबरच्या दुपारी ३१ आणि पहाटे १५ अंश असतील, तर दुपारी भरलेली हवा पहाटे तीनेक पीएसआयने कमी भरणार. मऊ टायर म्हणजे गाडी ओढायला जास्त जोर.

शिकागोहून आलेला टोमणा

हे सगळं मी शिकागोत राहणाऱ्या माझ्या शाळेतल्या मित्राला सांगितलं. तो तिथे प्रियस चालवतो. त्याचं उत्तर अस्सल सोलापुरी होतं, ‘काय बे, पंधरा अंशाला थंडी म्हणतो होय? इकडं उणे पंधरा आहे!’

त्याचं बरोबर आहे. खरा दणका तिकडेच बसतो. अमेरिकन सरकारच्या इंधनविषयक माहितीनुसार, २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंशांना साध्या पेट्रोल गाडीचं शहरातलं ॲव्हरेज सुमारे १५ टक्के कमी होतं. पाच-सहा किलोमीटरच्या छोट्या फेऱ्यांमध्ये ही घसरण २४ टक्क्यांपर्यंत जाते. आणि हायब्रिडची? ३० ते ३४ टक्के!

हायब्रिडलाच जास्त फटका का? कारण मोठं मजेशीर आहे. साध्या गाडीचं इंजिन पेट्रोलमधली बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवतं आणि केबिनचा हीटर त्या फुकटच्या उष्णतेवर चालतो. हायब्रिडचं इंजिन कमी वेळ चालतं आणि उष्णताही कमी वाया घालवतं. मग हीटरला उष्णता आणायची कुठून? गाडीला जायला गरज नसतानाही निव्वळ ऊब मिळवण्यासाठी इंजिन सुरू करावं लागतं. काटकसरी माणसाच्या घरी उरलंसुरलं काही सापडत नाही, तसाच हा प्रकार!

टोयोटाच्या इंजिनिअर मंडळींनी यावर भारी शक्कल लढवली होती. प्रियसच्या दुसऱ्या पिढीत, उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये, चक्क एक थर्मास बसवला होता! गाडी बंद करताना गरम कूलंट त्यात साठवायचं आणि पुढच्या स्टार्टला ते परत इंजिनात सोडायचं. आपण ऑफिसला चहा नेतो, अगदी तसंच.

मात्र एक गोष्ट विसरू नका. टक्क्यांत जास्त पडली म्हणजे हायब्रिड हरली असं नाही. समजा हायब्रिड २५ देते आणि साधी गाडी १५. पहिलीचे ३४ टक्के गेले तरी साडेसोळा उरतात, दुसरीचे २४ टक्के गेले तर साडेअकराच. उंचावरून पडणाऱ्याचा आवाज मोठा येतो, इतकंच!

आपला खरा व्हिलन : मे महिना

सोलापुरात थंडीचा त्रास किती दिवस? हुरडा पार्टी सुरू झाल्यापासून संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकेपर्यंत, फार तर थोडं पुढे. तोही पहाटेपुरता. आपला खरा सीझन म्हणजे उन्हाळा, आणि पारा ४२-४३ वर जाणं ही इथे काही ब्रेकिंग न्यूज नाही.

उन्हाळ्यात इंजिनची झोप मोडतो तो एसी. आजच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून सिग्नलला इंजिन बंद असलं तरी गारवा चालू राहतो. मस्तच! पण बिल कोण भरतं? बॅटरी. आणि ही बॅटरी असते किती? हायरायडर-ग्रँड विटारामध्ये एक युनिटपेक्षाही कमी! दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालवला की एक युनिट संपतं, यावरून अंदाज घ्या. भर दुपारी पार्क चौकात उन्हात उभी केलेली, भट्टी झालेली केबिन गार करताना एसी दणादण वीज खातो, आणि काही मिनिटांत बॅटरी भरायला इंजिन जागं! थंडीत हीटरसाठी, उन्हाळ्यात एसीसाठी. कारण उलटं, परिणाम तोच. त्याच अमेरिकन माहितीनुसार कडक उन्हात एसीमुळे साध्या गाडीचं ॲव्हरेजही पाव हिश्शाहून जास्त पडू शकतं, विशेषतः छोट्या फेऱ्यांमध्ये. हायब्रिडमध्ये टक्क्यांच्या हिशेबात फटका आणखी मोठा असू शकतो.

मग जाहिरातीतले २७.९७ आले कुठून? लॅबमधून! तिथे तापमान २० ते ३० अंशांच्या मध्ये, वेगाचा आलेख ठरलेला, आणि हे आकडे एसी बंद ठेवून काढलेले. कंपनी खोटं बोलत नाही. पण मे महिन्यात एसी बंद ठेवून विजापूर रोडने जाणारा माणूस दाखवा आणि बक्षीस मिळवा!

मग घ्यायची की नाही?

आता मुद्द्याचं. प्रश्न दोन-अडीच लाखांचा आहे आणि ईएमआय तुमच्या पगारातून जाणार आहे. म्हणून जाहिरातीतला नाही, आपला आकडा धरा.

समजा प्रत्यक्षात हायब्रिड २० देते, तशीच साधी पेट्रोल गाडी १५ देते, पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि किमतीतला फरक दोन लाख. वर्षाला १०,००० किलोमीटर फिरत असाल तर बचत साधारण १६७ लिटर, म्हणजे साडेसतरा हजार रुपये. फरक वसूल व्हायला अकरा वर्षांहून जास्त! तेच २०,००० किलोमीटर फिरत असाल तर सहा वर्षांच्या आत हिशेब चुकता.

पण किलोमीटर मोजताना ते कसले हेही बघा. पुण्यातलं रोजचं तासाभराचं ट्रॅफिक म्हणजे हायब्रिडचं माहेर. एकदा गरम झालं की इंजिन मिनिटामिनिटाला डुलकी काढतं. हायवेवर एका वेगात इंजिन बराच वेळ चालूच राहतं, त्यामुळे फायदा मध्यम. आणि घर-मंदिर-मंडई अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या? तिथे सगळ्यात कमी. गाडी मुख्यतः आईवडिलांच्या अशा फेऱ्यांसाठीच घेत असाल, तर दोन लाख वाचवा आणि साधी पेट्रोल गाडी बघा. हे मी हायब्रिडचा फॅन असूनही सांगतोय!

घेतलीच असेल तर...

* थंडीच्या सकाळी क्लायमेट कंट्रोल ‘ऑटो’वर २५ ला ठेवू नका. बाहेर १५ अंश असताना गाडीला वाटतं तुम्हाला ऊब हवीय, आणि हीटरसाठी इंजिन चालूच राहतं. सरळ ऑफ करा आणि स्वेटर घाला.
* छोटी कामं एकाच फेरीत उरका. गरम इंजिनवर पाच कामं गार इंजिनवरच्या पाच फेऱ्यांपेक्षा कितीतरी स्वस्त.
* टायरची हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. थंडी सुरू झाली की तर नक्कीच.
* उन्हाळ्यात गाडी सावलीत लावा. निघताना आधी मिनिटभर काचा उघडून गरम हवा बाहेर काढा, मग एसी लावा.
* अनेक हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळ एक जाळी असते. बॅटरी गार ठेवणारी हवा तिथूनच जाते. त्यावर पिशव्या, चादरींचे गठ्ठे रचू नका.
* एका दिवसाच्या आकड्यावर निकाल देऊ नका. टाकी फुल ते टाकी फुल, असं महिनाभर मोजा.

तर पुढच्या वेळी शोरूममध्ये सेल्समनने तो चकचकीत आकडा पुढे केला की छान हसा आणि विचारा, ‘इंजिन गार असताना, एसी फुल लावून, दोन किलोमीटरला किती देते?’ उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तर टेस्ट ड्राइव्हची वेळ दुपारी दोनची मागा. मे महिन्यातली!