कूलर बंद करून दिलेला इंटरव्ह्यू

मे महिन्यात नागपूरजवळच्या उमरेडच्या घरात भर दुपारी कूलर बंद करून अर्धा तास बसून बघा. २०२० नंतर एमबीएच्या अनेक पोरापोरींना ऑनलाइन इंटरव्ह्यूसाठी हे करावं लागलं. कूलर चालू ठेवला तर समोरच्याला फक्त घरघर ऐकू येते. बंद केला तर घाम कॅमेऱ्यात दिसतो, आणि घाम म्हणजे घाबरणं असा अर्थ मुंबईत बसलेला माणूस लावू शकतो. मधेच लाइन गेली तर दोन्ही प्रश्न सुटतात, इंटरव्ह्यूही सुटतो.

व्यवस्थापनाच्या पदवीधरांना नोकरी देण्याची पद्धत महामारीत कशी बदलली आणि त्यातलं काय टिकलं, हे या कूलरजवळ बसूनच नीट समजतं.

वेळापत्रक कुठे विस्कटलं

राज्याची एमबीए प्रवेशपरीक्षा, म्हणजे सीईटी, १४ आणि १५ मार्च २०२० ला झाली. आठवड्याने जनता कर्फ्यू लागला, दहा दिवसांनी टाळेबंदी. परीक्षा वेळेत आटोपली, पण प्रवेश लांबले. पुढच्या वर्षी सीईटीच सप्टेंबरमध्ये गेली, २०२२ मध्ये ऑगस्टमध्ये झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा मार्चवर आली.

तारखा सरकण्याचा नोकरीशी संबंध आहे. दोन वर्षांच्या एमबीएत पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्यात सुमारे दोन महिन्यांची इंटर्नशिप असते. तिथलं काम आवडलं तर कंपनी प्लेसमेंट सुरू होण्याआधीच नोकरी देऊ करते. कॉलेजच्या भाषेत हा पीपीओ. २०२० च्या उन्हाळ्यात काही इंटर्नशिप रद्द झाल्या, काही आखडल्या, उरलेल्या घरी लॅपटॉपवर पार पडल्या. ज्या मुलाने दुकानदारांच्या दारात उभं राहून विक्री शिकायची, त्याने खोलीत बसून एक्सेलचे तक्ते भरले. दिलेल्या ऑफर मागे घेऊ नका, अशी विनंती तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईला कंपन्यांना करावी लागली.

कंपनी नागपूरला का येत नव्हती

कॅम्पस भरतीचा जुना क्रम ठरलेला होता. आधी कंपनीची ओळख करून देणारं भाषण, मग अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, मग जीडी म्हणजे गटचर्चा, शेवटी इंटरव्ह्यू. त्यासाठी तीन-चार अधिकाऱ्यांचं विमान, हॉटेल आणि एक-दोन दिवस खर्ची पडत. नागपूरच्या एखाद्या कॉलेजातून दोन-तीनच मुलं घ्यायची असतील तर हा हिशोब जमत नसे. मुंबईत जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटला जाऊन यायला टॅक्सी पुरते. गुणवत्तेच्या नावाखाली अनेकदा प्रवासखर्चच निर्णय घेत असे, असं माझं मत आहे.

टाळेबंदीने हा खर्च एका फटक्यात काढून टाकला. भाषण झूमवर आलं, परीक्षा घरच्या लॅपटॉपवर. सर्वात जास्त मार गटचर्चेला बसला. दहा जणांनी एकाच वेळी पडद्यावर बोलायचं म्हणजे सगळा गोंधळच, म्हणून अनेकांनी तिला रजा दिली. तिच्या जागी रेकॉर्ड केलेला इंटरव्ह्यू बोकाळला. प्रश्न पडद्यावर उमटतो, विचाराला थोडे सेकंद मिळतात, मग कॅमेऱ्याकडे बघून दीड-दोन मिनिटं बोलायचं. समोर माणूस नसतो. मान डोलावणारं कोणी नसेल तर आपण बरं बोलतोय की वाईट, काही कळत नाही.

आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेत मात्र एक बदल कायमचा झाला. २९ नोव्हेंबर २०२० च्या कॅटमध्ये गर्दी टाळण्यासाठी दोनऐवजी तीन सत्रं ठेवली गेली आणि तीन तासांचा पेपर दोन तासांचा झाला. गर्दीची भीती गेली, पेपर दोन तासांचाच राहिला.

गंमत बघा, आयआयएम नागपूरच्या मिहानमधल्या नव्या आवाराचं उद्घाटन ८ मे २०२२ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झालं. कंपन्यांना आवारात न येता माणसं निवडायची सवय लागून तोवर दोन वर्षं झाली होती.

उमरेडचा जमाखर्च

उमरेड नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर. कोळसा खाण, एमआयडीसी, कऱ्हांडल्याचं अभयारण्य असं सगळं इथे आहे, पण एमबीएची भरती नागपुरातच. नागपूरहून उमरेडमार्गे नागभीडकडे जाणारी नॅरोगेज गाडी रुंदीकरणासाठी २०१९ मध्येच बंद झाली होती, म्हणजे भिस्त एसटीवर. २० ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली कॉलेजं उघडली आणि महिनाअखेरीस एसटीचा संप पेटला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. अशा वेळी इंटरव्ह्यू घरी आला ही फायद्याचीच गोष्ट होती. तिकीट वाचलं, पहाटेची धावपळ वाचली, नागपुरात नातेवाइकांकडे मुक्काम वाचला.

खर्चाची बाजू उशिरा दिसली. कंपनीला कुठेही जायला पैसे लागत नाहीत म्हटल्यावर ती एका कॉलेजापुरती थांबत नाही. पूल कॅम्पस म्हणजे अनेक कॉलेजांची एकत्र भरती सोपी झाली. पूर्वी आपल्या वर्गातल्या साठ जणांशी स्पर्धा होती, ती आता पुणे, इंदूर, भुवनेश्वरच्या मुलांशीही झाली. शिवाय स्वतंत्र खोली, बरा लॅपटॉप आणि न तुटणारं नेट हे सामान उमेदवाराने स्वतः आणायचं. पूर्वी टेबल-खुर्ची आणि वीज कॉलेजची असे.

सिंगापूर, ऑस्ट्रेलिया

आशिया-पॅसिफिककडे डोळे लावून बसलेल्यांची गोष्ट वेगळी. परदेशी एमबीएसाठीची जीमॅट परीक्षा एप्रिल २०२० मध्येच घरून देता येऊ लागली. पण ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० मध्ये सीमा बंद केली आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी दार सर्रास उघडलं ते १५ डिसेंबर २०२१ ला. मधल्या काळात फी भरून घरूनच वर्ग करणाऱ्यांना तिथली अर्धवेळ कामं आणि ओळखी मिळाल्या नाहीत. तिथल्या नोकऱ्या बऱ्याचदा त्या ओळखींतूनच निघतात.

सिंगापूरने वेगळी वाट धरली. परदेशी कर्मचाऱ्यांच्या एम्प्लॉयमेंट पाससाठी लागणारा किमान पगार २०२० या एकाच वर्षात ३,६०० सिंगापूर डॉलरवरून मेमध्ये ३,९०० आणि सप्टेंबरमध्ये ४,५०० झाला. सप्टेंबर २०२३ पासून नव्या अर्जांना गुणपद्धतही लागली. पगार आणि शिक्षणसंस्थेचा दर्जा यांच्याबरोबर त्या कंपनीत तुमच्या देशाचे लोक आधीच किती आहेत, हेही त्यात मोजतात. तिथे हुशारी पुरत नाही, कंपनीच्या हजेरीपटावर आधीच कोण आहे त्यावरही गुण ठरतात.

तेजी, आणि मग उतार

२०२१-२२ हे कॅम्पसचं सुगीचं वर्ष. घरबसल्या शिकवणी, घरपोच वस्तू, डिजिटल पेमेंट, सगळ्यांनाच माणसं हवी होती. टीसीएसने तर २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्केच कर्मचारी कार्यालयात असतील, असं २०२० मध्येच जाहीर केलं होतं. उमरेडला राहून पुण्याचा पगार घेता येईल, असं तेव्हा घरोघरी बोललं जाई.

पुढे गुंतवणूकदारांनी हात आखडला, शिकवणी कंपन्यांनी माणसं काढली, ऑफर हातात असलेली मुलं रुजू होण्याच्या तारखेची वाट बघत बसली. आणि कंपन्यांनी, टीसीएसनेही, कर्मचाऱ्यांना परत कार्यालयात बोलावलं.

आता चित्र काय

सध्या मिश्रण चालतं. परीक्षा आणि पहिली चाळणी पडद्यावर, शेवटची फेरी बऱ्याच ठिकाणी समोरासमोर. त्यातही चॅटजीपीटी आल्यापासून घरून दिलेल्या उत्तरांवर कंपन्यांचा भरवसा कमी झाला आहे. त्यामुळे पहिल्या फेरीला कूलर बंद करायचा, आणि त्यातून पार पडलो तर शेवटच्या फेरीसाठी पहाटेची बस पकडायची.