अंगठ्याची साक्ष

मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर महाराष्ट्र संपता संपता अच्छाड लागते. गेल्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी मी तेथे गेलो होतो. त्याची आजी रेशनच्या दुकानावरून रिकामी पिशवी घेऊन नुकतीच परतली होती.

"काय झालं, आजी?" मी विचारले.

तिने उजवा अंगठा माझ्यापुढे धरला. "मास्तर, मशीन सांगते, मी मी नाही!"

जन्मभर भातलावणी, गवतकापणी आणि वीटभट्टी. अंगठ्यावरच्या रेषा पार झिजून गेलेल्या. दुकानदार बिचारा भला माणूस. त्याने दहाही बोटे लावून पाहिली. मोबाईलवर येणाऱ्या आकड्यांनीही काम भागले असते. पण मोबाईल थोरल्या नातवाच्या खिशात आणि थोरला वापीच्या कारखान्यात!

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रातले मला काय कळणार? पण शब्दामागचा भाव शोधणे हा माझा धंदाच. वाटले, यंत्रामागेही असा काही भाव असेलच की! म्हणून पुस्तके चाळली.

१८५८ साली बंगालात विल्यम हर्शेल या इंग्रज अंमलदाराने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. उद्या गृहस्थाने करार नाकारू नये, ही धास्ती! १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली, ती गुन्हेगार ओळखण्यासाठी. म्हणजे या विद्येचा जन्मच मुळी संशयापोटी झालेला.

आणि तलासरी-डहाणूच्या वारल्यांना अंगठा काही नवा नाही. सावकाराच्या कागदावर तो उठवला की पिढ्यान्‌पिढ्या वेठ नशिबी येई. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्यांनी ती वेठ झुगारली. तेव्हा अंगठा उमटला म्हणून माणूस अडके. आता उमटत नाही म्हणून अडकतो.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी 'आधार'चा आरंभ झाला. खोटी नावे गळावीत, खऱ्याला त्याचे मिळावे, हा हेतू चांगलाच होता. पण ठसा कितपत जुळला म्हणजे खरा मानायचा, ही रेघ यंत्र आखत नाही, माणूस आखतो. रेघ कडक केली की तोतया अडतो, तसा झिजल्या बोटांचा खरा धनीही अडतो. शंका आली तर धान्य द्यावे की परत पाठवावे, हाही माणसाचाच निर्णय. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली झारखंडात पाहणी केली, तेव्हा असे परत जाणाऱ्यांत म्हातारी आणि निराधार माणसेच अधिक दिसली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी लाभांसाठी 'आधार' ग्राह्य धरले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी मात्र वेगळे मत नोंदवले.

निघताना आजी म्हणाली, "अख्खा गाव मला ओळखतो, मास्तर. त्या मशीनला एकदा गावाला विचारायला सांगा."

वाचकहो, फराळाच्या ताटावर बसताना मला तिची ती रिकामी पिशवी आठवते. यंत्र चुकणारच, माणसेही चुकतात. पण त्या चुकीचा भुर्दंड कोणी भरायचा, एवढे तरी आपण यंत्र बसवण्यापूर्वी विचारायला नको का?